सर्वांना खुलं, म्हणजे कोणाला?

ग्वाल्हेर ते श्योपूर हे रेल्वेचं अंतर जवळजवळ दोनशे किलोमीटर. मार्च २०२० पर्यंत या मार्गावर अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून एक गाडी धावायची. शिंद्यांच्या संस्थानाने घातलेले हे रूळ. डबे खचाखच भरलेले, टपावरही माणसं, आणि सगळा प्रवास दहा-अकरा तासांचा. सुमावली, जौरा, कैलारस, सबलगड करत ती श्योपूरला पोचायची. रुंद रुळांसाठी ती बंद झाली आणि मधली काही वर्षं त्या भागातल्या विद्यार्थ्यांना बस नाहीतर जीप एवढाच आधार उरला.

विद्यार्थी-नेतृत्वाच्या प्रकरणात रेल्वे कशाला, असं वाचकाला वाटेल. कारण असं की, जीवाजी विद्यापीठाचा पसारा या रुळांइतकाच लांब आहे. २३ मे १९६४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या क्षेत्रात २०२४ पर्यंत ग्वाल्हेर आणि चंबळ विभागांतले आठ जिल्हे येत : ग्वाल्हेर, मुरैना, भिंड, श्योपूर, शिवपुरी, दतिया, गुना आणि अशोकनगर. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात दाल बाजाराजवळ राहणारा मुलगा आणि श्योपूरकडच्या कराहलच्या जंगलाकडेचा सहरिया आदिवासी मुलगा, दोघेही कागदावर एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी. आता सूचनाफलकावर एक कागद लागला अशी कल्पना करा : ‘नेतृत्व विकास शिबिर. रविवार, सकाळी दहा. सर्वांना प्रवेश खुला.’ पहिल्या मुलाला दुचाकीवर दहा मिनिटं. दुसऱ्याला शनिवारीच निघायला हवं, रात्री राहायची सोय हवी, आणि त्याआधी तो कागद त्याच्या महाविद्यालयापर्यंत पोचायला हवा. कागदावर कुणालाच मज्जाव केलेला नाही. तरी रविवारी दहा वाजता सभागृहात कोण बसलेलं असेल, हे आधीच सांगता येतं.

या ‘सर्वांना खुलं’ची परीक्षा कोल्हापुरात सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. १८९६ साली शाहू महाराजांनी राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं ते सर्व जातींसाठी. कारभार ज्यांच्या हाती होता त्यांच्याच जातीची मुलं हळूहळू तिथे उरली. बाकीच्यांना कुणी हाकललं नाही, पण त्यांना जागाही मिळेना. नियम उदार होता, दार मात्र कारभाऱ्याच्या हातात होतं. महाराजांनी यातून जो धडा घेतला तो आजच्या कानांना जरा खटकतो. त्यांनी वेगवेगळ्या समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहं काढायला सुरुवात केली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं व्हिक्टोरिया बोर्डिंग निघालं, मग जैन, लिंगायत, मुसलमान अशी रांगच लागली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं.

गंमत अशी की, या व्यवस्थेतूनच तिच्यावरचं पुढचं उत्तर जन्माला आलं. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेला. परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावं लागलं. याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उघडलं. १९२७ मध्ये गांधीजींनी तिथे भेट दिली आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. इथे मुलं एका छताखाली नुसती राहत नव्हती. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं पाळीपाळीने त्यांच्याकडेच असत, आणि जेवायला पंगत एकच. १८९६ चं वसतिगृह आणि १९२४ चं वसतिगृह, दोन्ही ‘सर्वांसाठी’च होती. फरक होता कामाच्या पाळ्यांत. पहिल्याचा कारभार विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून चालत होता, दुसऱ्याचा त्यांच्या हातांतून.

माझ्या मते विद्यापीठातल्या कुठल्याही नेतृत्व-कार्यक्रमाची परीक्षा याच ठिकाणी होते. उद्घाटनाच्या भाषणात समतेचा उल्लेख किती वेळा आला यावरून काही कळत नाही. वेळ कोणी ठरवली, हिशेबाची वही कोणाकडे आहे आणि जेवणात काय आहे हे पाहावं.

*

ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांतली विविधता जरा जवळून बघू. भिंड-मुरैन्याच्या मुलाच्या बोलण्यात ब्रजचा ठसका, दतियाकडच्याच्या बोलण्यात बुंदेलीचा. श्योपूर-शिवपुरी भागातला सहरिया समाज केंद्र सरकारच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून नोंदलेला आहे. मध्य प्रदेशात असे गट तीनच, बैगा, भारिया आणि सहरिया. या समाजातला विद्यार्थी बहुधा घरातला पहिला पदवीधर होणार असतो. फाळणीनंतर आलेली सिंधी घरं शहरात आहेत. आणि लष्करात मराठी घरं आहेत.

या मराठी घरांविषयी दोन शब्द, कारण आत असणं आणि बाहेर असणं, या दोन्ही बाजू त्यांनी भोगल्या आहेत. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या छावणीचं शहर झालं आणि लष्कर हेच त्याचं नाव पडलं. तेव्हा मराठी ही सत्तेच्या आतल्या माणसांची बोली होती. ज्याला ती येई, त्याला दरबाराचं दार जवळ. आज त्याच घरांतली मुलं स्वयंपाकघरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलतात, आणि मराठीत अर्ज लिहायची वेळ आली तर अडखळतात. भाषेमुळे आत असणं म्हणजे काय आणि बाहेर पडणं म्हणजे काय, हे या शहरातल्या मराठी माणसाने इतरांना सांगायला हरकत नाही. तो सहसा सांगत नाही, तो भाग वेगळा.

शहरात आणखी एक वेगळी वस्ती आहे ती लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत. १८५७ च्या लढ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १७ ऑगस्ट १९५७ रोजी ती सुरू झाली. झाशीची राणी पडली ती ग्वाल्हेरलाच, जून १८५८ मध्ये, म्हणून नाव तिचं. १९९५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इथे केरळपासून मणिपूरपर्यंतची मुलंमुली आवारातच राहतात. खेळाच्या शिक्षणात एक सोय आहे, तिच्याकडे इतर विद्याशाखांनी जरूर बघावं. विद्यार्थ्याला वर्गमित्रांचा तास घ्यावा लागतो, मैदान आखावं लागतं, पंच म्हणून उभं राहावं लागतं. ज्याची हिंदी मोडकी आहे तोही शिट्टी फुंकून निर्णय देतो आणि बावीसजण तो मानतात. भाषणात मागे पडणाऱ्याला इथे अधिकार मिळतो, तोही तोंड न उघडता.

एरवी ग्वाल्हेरमध्ये पुढारीपणाची व्याख्या तोंडावरच बेतलेली आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. अटलबिहारी वाजपेयी इथलेच. गोरखीच्या शाळेत आणि मग व्हिक्टोरिया महाविद्यालयात, म्हणजे आताच्या महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालयात, ते शिकले. अशा गावात वादविवाद स्पर्धा जिंकणारा विद्यार्थी हाच उद्याचा नेता असं वाटलं तर नवल नाही. पण त्यामुळे होतं असं की, कार्यक्रमासाठी निवड करताना मुलाखत घेतली जाते, मुलाखतीत बोलकी मुलं निवडली जातात, शिबिरात त्यांना आणखी बोलायला शिकवलं जातं, आणि शेवटी सर्वोत्तम वक्त्याला चषक मिळतो. ज्यांना पोहता येतं त्यांनाच तलावात घेऊन मग पोहायला शिकवल्याचं प्रमाणपत्र द्यावं, तसला हा प्रकार.

निवडणुकीची वाटही यापेक्षा सरळ नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उज्जैनच्या माधव महाविद्यालयात छात्रसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या हाणामारीत एका प्राध्यापकाचा जीव गेला. त्याच वर्षी लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या. उमेदवाराला खर्चाची कमाल मर्यादा पाच हजार रुपये, छापील भित्तिपत्रकांना बंदी, हजेरी किमान पंचाहत्तर टक्के. नियम शहाणपणाचे आहेत. पण पैसा आणि मनगट यांना आवर घातला म्हणून सबलगडची मुलगी उमेदवार होत नाही. त्याच्या खूप आधी काहीतरी घडावं लागतं.

*

ते ‘काहीतरी’ आपल्या देशात एका योजनेच्या रूपाने कधीपासून पडून आहे. १९५९ मध्ये केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असलेले हे कोकणातले गृहस्थ. समितीने सुचवलं की, शाळा संपवून विद्यापीठात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा करावी. खर्चाचा आकडा पाहून ते बारगळलं. मग शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या पद्धती पाहून सक्ती नको, स्वेच्छा हवी असं म्हटलं. अखेर गांधी शताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली.

तिला आपण एनएसएस म्हणतो आणि वाढीव गुणांची सोय म्हणून तिच्याकडे बघतो. तिचा सांगाडा मात्र विचारपूर्वक केलेला आहे. साधारण शंभर स्वयंसेवकांचं एक पथक आणि त्यावर एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम. शिवाय दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. मध्य प्रदेशात या शिबिरांची भाषा ठरलेली आहे. पहाटे प्रभात फेरी, मग परियोजना कार्य म्हणजे श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. पथकाच्या टोळ्या पडतात, प्रत्येकीला टोली नायक, सगळ्यांचा मिळून दलनायक. गावच्या शाळेच्या खोल्यांत सतरंज्या अंथरायच्या, तिथेच चूल मांडायची.

याच सांगाड्यात समावेशक कार्यक्रम बसवता येतो, पैसाही फारसा लागत नाही. काही जागा मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळाव्या लागतात. पहिली जागा दलनायकाची. हा मान सबंध सात दिवस एकालाच दिला की, तो आवाज मोठा असणाऱ्याकडे जातो. रोज बदलला तर सातजणांना मिळतो. टोली नायकही रोज बदलले तर शिबिराला जाणाऱ्या, म्हणजे पथकातल्या निम्म्या, पन्नासांपैकी बहुतेकांवर एकदा तरी जबाबदारी येते. पहिल्या दिवशी ज्याने भांडी घासली, त्याने चौथ्या दिवशी सरपंचांशी बोलायला जावं. आणि ज्याने सरपंचांशी बोलणं केलं, त्याने भांड्यांकडे यावं. पाळ्यांचा हा तक्ता रात्री सगळ्यांसमोर वाचायचा. तो अधिकाऱ्याने खोलीत बसून केला तर १८९६ चं वसतिगृह झालंच म्हणून समजा.

दुसरी जागा चुलीची. कागदावर नसलं तरी पोळ्या मुली लाटतात आणि माईक मुलं धरतात, हा अलिखित नियम सगळीकडे आहे. भिंड-मुरैन्यात तो जास्तच घट्ट. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे भिंडमध्ये ८३७ आणि मुरैन्यात ८४० स्त्रिया होत्या. ज्या भागात मुलीचं जन्माला येणंच एवढं अवघड, तिथे सात रात्री घराबाहेर राहायची परवानगी ही साधी गोष्ट नाही. संमतिपत्र पाठवून वडिलांची सही मागवली की बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येतं. शिबिराआधी प्राध्यापिकेने घरी जाऊन आईशी बोलणं, झोपायची खोली आणि संडास कुठे आहेत हे आईला नेऊन दाखवणं, आदल्या वर्षी गेलेल्या मुलीला सोबत नेणं, यांनी जे साधतं ते परिपत्रकाने साधत नाही. यावर ‘एवढं कोण करणार?’ असं प्राध्यापकमंडळी म्हणतात. रास्त आहे. मग त्या वेळेची नोंद त्यांच्या कामाच्या तासांत झाली पाहिजे. ती होत नाही, हे खरं दुखणं.

संडासाचा विषय निघालाच आहे तर अपंग विद्यार्थ्यांचंही तिथेच ठरतं. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या. प्रवेश मिळतो. पण शिबिराचं गाव ठरवताना तिथल्या शाळेला चढायला उतार (रॅम्प) आहे का, संडासाचं दार चाकांच्या खुर्चीला पुरेल का, हे पाहायला कोणी जात नाही. मग ‘तुला त्रास होईल, तू इथेच थांब आणि अहवाल लिही’ असं प्रेमाने सांगितलं जातं. वगळण्याची ही सगळ्यांत सभ्य तऱ्हा.

तिसरी जागा रात्रीच्या कार्यक्रमाची, आणि इथे फसगत सर्वांत जास्त. सहरियांचा लहंगी नाच बघण्यासारखा असतो. शिबिरातल्या सहरिया मुलांना तो करायला सांगितला जातो, फोटो निघतात, अहवालात ‘विविधतेचं दर्शन’ असं छापून येतं. त्याच मुलांपैकी एकाच्याही हाती सात दिवसांत हिशेबाची वही आलेली नसते. माझा नाचाला विरोध नाही. ज्याला नाचायला बोलावलं त्याला हिशेबालाही बोलवा, एवढंच.

*

जीवाजी विद्यापीठाला शिबिराची ही विद्या शिकायला लांब जायची गरज नव्हती. ती त्याच्या हद्दीतच, जुन्या छोट्या गाडीच्या मार्गावरच्या जौऱ्यात होती. एस. एन. सुब्बराव मूळचे बंगळूरचे, सेवादलातून आलेले. अर्धी चड्डी आणि खादीचा सदरा हा त्यांचा वेश जन्मभर टिकला. सगळे त्यांना भाईजी म्हणत. चंबळच्या बीहडात तरुणांची श्रमशिबिरं घेता घेता त्यांनी जौऱ्याला महात्मा गांधी सेवाश्रम उभारला. १९७२ च्या एप्रिलमध्ये चंबळचे डाकू मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी जयप्रकाश नारायणांच्या साक्षीने शस्त्रं ठेवली, तेव्हा या आश्रमाचं नाव देशभर झालं. डाकूंच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या. शिबिरांकडे मात्र कमी लोकांनी पाहिलं.

भाईजींच्या राष्ट्रीय युवा योजनेच्या शिबिरांत देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून मुलं येत. ते स्वतः अनेक भाषांत गाणी म्हणत आणि म्हणवून घेत. ‘भारत की संतान’ या कार्यक्रमात तरुण-तरुणी वेगवेगळ्या प्रांतांचे वेश करून अठरा भाषांतल्या ओळी म्हणतात. ते पाहिलं की आपल्याला शाळेच्या गॅदरिंगची आठवण होते, हे मी कबूल करतो. पण त्यांच्या मुलांच्या शिबिरांत पाहुण्या मुलांना स्थानिक कुटुंबांत राहायला पाठवत, होता होईल तो वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या भाषेच्या घरात. चार दिवस दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं, त्यांच्या वेळेला झोपायचं, त्यांच्या आजीला हातवाऱ्यांनी काहीतरी सांगायचं. यजमान घरालाही तेवढंच शिकावं लागे. समावेश म्हटलं की आपण नेहमी आलेल्याला सामावून घेण्याचं बोलतो. इथे घराचाही उंबरा घासला जायचा.

याच आश्रमात सत्तरच्या दशकात केरळचा एक तरुण कामाला आला. पी. व्ही. राजगोपाल. कथकली शिकलेला, नंतर आमच्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला शेतीचं अभियांत्रिकी शिकलेला. पुढे त्याने एकता परिषद बांधली. २ ऑक्टोबर २००७ रोजी ग्वाल्हेरहून सुमारे पंचवीस हजार भूमिहीन आणि आदिवासी स्त्रीपुरुष दिल्लीकडे चालत निघाले. ही जनादेश यात्रा. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, मुक्काम महामार्गावरच, जेवण बहुतेक दिवशी एक वेळ. महिनाअखेरीला ते दिल्लीत पोचले. पंचवीस हजार माणसं राष्ट्रीय महामार्गावरून शिस्तीत नेणं म्हणजे पाणी, संडास, औषधं, रांगा आणि अफवा यांचा रोजचा हिशेब. तो हिशेब सांभाळणारे गावोगावचे तरुण कार्यकर्ते होते, आणि ते एका दिवसाच्या व्याख्यानातून तयार झालेले नव्हते. ग्वाल्हेरच्या रस्त्यावरून नेतृत्वाचं एवढं मोठं प्रात्यक्षिक गेलं. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात त्याचा एक धडा तरी असावा, असं मला वाटतं.

२०२१ पासून मध्य प्रदेशाने नवं शिक्षण धोरण लागू केलं आणि पदवीच्या अभ्यासक्रमात परियोजना, प्रशिक्षुता यांच्या जोडीला ‘सामुदायिक जुड़ाव’, म्हणजे समाजात जाऊन करायचं काम, हाही विषय आला. त्याआधी, २०१२ मध्येच, विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभाव रोखण्यासाठी समान संधी कक्ष स्थापायला सांगितलं होतं. म्हणजे कागद सगळे आहेत. पण हे कक्ष, ती सेवा योजना आणि हा नवा विषय तीन वेगळ्या टेबलांवर असतात. समान संधी कक्षाकडे तक्रार आल्यावर फाइल उघडते, सेवा योजनेकडे शिबिराच्या आधी. शिबिरासाठी कोण येऊ शकलं नाही, आणि का, हे दोघांनी बसून एकदा लिहून काढलं तर पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचा अर्धा आराखडा तयार होतो. आलेल्यांचा अभिप्राय सगळे घेतात. न आलेल्यांचा घ्यावा हे मात्र सुचत नाही.

सेवा योजना दोन वर्षांची आहे, याचा फायदा इथे घेता येतो. पहिल्या वर्षी शिबिराला गेलेले विद्यार्थी दुसऱ्या वर्षी पथकातच असतात. गाव निवडायचं काम त्यांच्याकडे द्यावं. जी मुलगी गेल्या वर्षी आईची समजूत घालून आली तिच्याकडे मुलींच्या सोयीची पाहणी, जो मुलगा सबलगडहून दोन बसगाड्या बदलून आला त्याच्याकडे येण्याजाण्याचं वेळापत्रक, चाकांच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याकडे शाळेच्या इमारतीची पसंती-नापसंती. अधिकाऱ्याने सही करायची, आणि त्यांनी ‘हे गाव नको’ म्हटलं तर दुसरं गाव बघायचं.